‘सगळ्या हिंदूंचं नववर्ष एकाच दिवशी’? आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

२०२५ च्या पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आलाच. दरवर्षी येतो, फक्त कलशाचं चित्र बदलतं. म्हणणं असं: चैत्र शुद्ध प्रतिपदा हे समस्त हिंदूंचं एकच नववर्ष. गुढीपाडवा, उगादी, विषू, पुत्तांडु, पोइला बैशाख ही त्याच दिवसाची प्रांतोप्रांतीची नावं. तेव्हा ती सोडा आणि सगळ्यांनी ‘विक्रम संवत २०८२ च्या शुभेच्छा’ असंच म्हणा. ‘साल मुबारक’ तर परकं, ते टाळाच. खाली ‘जरूर फॉरवर्ड करा’.

आधी ‘एकच दिवस’ घेऊ. ३० मार्चला आपला पाडवा होता. कर्नाटक, आंध्र, तेलंगणातली उगादी, गोव्यातला संवसर पाडवो, काश्मिरी पंडितांचं नवरेह, सगळं त्याच दिवशी. इथवर मेसेज बरोबर. पण केरळचं विषू आणि तमिळनाडूचं पुत्तांडु १४ एप्रिलला होते आणि कोलकात्याचा पोइला बैशाख १५ ला. पंधरा दिवसांचं अंतर नाव बदलून कसं मिटेल? आपण चंद्र बघतो, ते सूर्य. सूर्य मेष राशीत गेला की त्यांचं वर्ष सुरू, म्हणून ते १४-१५ एप्रिलच्या आसपासच राहतं. आपला पाडवा मात्र उड्या मारतो: २०२३ ला २२ मार्च, मध्ये अधिक श्रावण आला म्हणून २०२४ ला थेट ९ एप्रिल, मग ३० मार्च.

पंचांग नको असेल तर माटुंग्याच्या फुलबाजारात जा. पाडव्याआधी कडुलिंबाचे डहाळे, झेंडूचे हार, आंब्याची पानं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिथेच बहाव्याच्या पिवळ्याधमक जुड्या दिसतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मल्याळी काकू विषूच्या आदल्या रात्री तो बहावा, काकडी, फळं, नाणी आणि आरसा मांडून ठेवतात. पहाटे घरातल्या एकेकाला डोळे मिटून तिथे आणतात आणि मगच उघडायला सांगतात. वर्षातलं पहिलं दर्शन ते. त्यांना ३० मार्चला नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या तर त्या ‘थँक्यू’ म्हणतील, चांगल्या आहेत म्हणून.

संवताचा मुद्दा तर मेसेजवाल्यांवरच उलटतो. महाराष्ट्रात पाडव्याला शालिवाहन शक बदलतो. त्या दिवशी १९४७ लागला. विक्रम संवत २०८२ लागला तो उत्तरेत. तिथे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे प्रतिपदेला त्यांचा चैत्र अर्धा सरलेला असतो. गुजरातीही विक्रम संवतच मोजतात, पण त्यांचं वर्ष कार्तिकात बदलतं. ३० मार्चला त्यांचं २०८१ चालू होतं. ‘एकच’ म्हणून जो आकडा दिला, तोच तिघांचा तीन तऱ्हेचा.

‘साल मुबारक’ परकं? साल फारसी, मुबारक अरबी, मान्य. पण मग तुमचं ‘जरूर’ कुठून आलं? तेही अरबीच. गुजराती माणूस दिवाळीनंतर ‘साल मुबारक’ म्हणतो, तितक्याच सहज ‘नूतन वर्षाभिनंदन’ही म्हणतो, आणि त्याला त्यात काही अडत नाही.

एक दिवस सगळ्यांना सारखा हवाच असेल तर सरकारी सौर कॅलेंडर आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली ते लागू झालं. त्यात १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१. त्या दिवशी शुभेच्छांचा एकही मेसेज मला आजवर आलेला नाही.

मेसेज वाचून मी कोपऱ्यावरच्या गुजराती किराणावाल्या भाईंना मुद्दाम विचारलं, की तुमचं नवीन वर्ष लागलं का? ते वजन करता करता म्हणाले, “अजून कुठे? चोपडे दिवाळीला बदलणार. तुमच्या दुसऱ्या पाडव्याला या, मिठाई ठेवतो.” आपल्याकडे बायका नवऱ्याला ओवाळतात तो पाडवा. २२ ऑक्टोबरला गेलो, तर दुकान बंद. लाभपाचमेला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला उघडलं, तेव्हा कुठे मिठाई मिळाली.