'बेस कुणाला ऐकू येतो?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या रविवारी मी आमच्या बेसवाल्यांच्या, म्हणजे जाड, खालचे स्वर देणारी बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या, रात्रीच्या बैठकीबद्दल लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि स्पष्ट आहे. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहितो. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही लिहिलंत, "मी पस्तीस वर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, मला कान आहेत. ऑर्केस्ट्रात बेस गिटार आहे की नाही हे मला आजवर कधी कळलेलं नाही. ते काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करतो. जुन्या लाकडाचा आवाज वगैरे निव्वळ भाबडेपणा आहे. सात-आठ जणांनी रात्रभर जुन्या आठवणी उगाळत बसायचं, यात संगीत कुठे आलं? आणि रात्री-अपरात्री भटकण्याचा हा आदर्श तरुण मुलांपुढे कशाला?" शिवाय तुम्ही दारूचा उल्लेख केलात, आणि शेवटी आमच्यातल्या काकांच्या गिटारची किंमत विचारलीत.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 'चाळीस वर्षं मुरलेल्या लाकडाचा आवाज नव्याला येत नाही' असं मी लिहिलं होतं. ते मला सिद्ध करता येणार नाही, तेव्हा ते वाक्य मी मागे घेतो. बेस गिटारचं अंग भरीव असतं, तारेचं कंपन पिकअप टिपतो आणि पुढचं काम अँप्लिफायर करतो. तारा कोणत्या, किती जुन्या, पिकअप कसा, बोटं कशी, यांवर आवाज कितीतरी जास्त ठरतो. लाकडाबद्दल मी खात्रीने एवढंच सांगू शकतो की ते पुण्याच्या हवेबरोबर हलतं. एप्रिलच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) आक्रसतो आणि फ्रेटची, म्हणजे तीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कडेला बाहेर येऊन तळव्याला ओरखडे काढतात. जुलैत मान फुगते, तारांची उंची बदलते आणि आतली सळई पाव फेरा फिरवून ती पुन्हा जागेवर आणावी लागते.

पण त्या रात्री आम्ही लाकडावर बोललोच नव्हतो, तारांवर बोललो होतो. ते मी लेखात दोन ओळींत उरकलं, ही चूक माझी. आता नीट सांगतो.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका कॅम्पातले. त्यांची बेस गिटार कोलकात्यात बनलेली, ऐंशीच्या दशकातली. तेव्हा बेसच्या तारा पुण्यात सहज मिळत नसत. मिळाल्या तरी एका संचाला त्यांचं दोन प्रोग्रॅमचं मानधन जायचं. म्हणून दर महिन्याला ते चारही तारा सोडवायचे, गोल गुंडाळायचे आणि स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळायचे. पाण्यावर करडा, तेलकट तवंग यायचा. तारेच्या वेढ्यांमध्ये साठलेला घाम आणि मळ तो. मग पंच्याने पुसून, उन्हात खणखणीत वाळवून त्या परत चढवायच्या. पुढचे दोन-तीन प्रोग्रॅम आवाज नव्यासारखा टणत्कारी, मग पुन्हा मंद. कारण सोपं आहे: वेढ्यांत मळ बसला की तारेचे वरचे, चमकदार स्वरांश (मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे बारीक स्वर) मरतात आणि खालचा जाड आवाज तेवढा उरतो.

काका हे सांगत होते तेवढ्यात एकाने जेम्स जेमरसनचं नाव काढलं. डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर त्याचा बेस आहे. तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा आणि तुटल्याशिवाय तारा बदलायचा नाही. म्हणजे काका जो मळ पातेल्यात सोडून द्यायचे, तोच त्याने जपला. इथून अर्धा तास वाद झाला. गाण्यात ढोलक आणि ऑक्टोपॅड असताना मळलेली तार बरी की धुतलेली? मागे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) असेल तर? लावणीच्या ठेक्यात ढोलकीच्या धुमाला (जाड आवाजाच्या बाजूला) बेस भिडतो, तिथे धुतलेल्या तारेची कडा हवी की नको? आमच्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने घरी जाऊन तारा उकळल्या आणि आधीचं व नंतरचं वाजवणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आम्हाला पाठवलं. तुम्ही विचारता यात संगीत कुठे. मला त्या अर्ध्या तासात दुसरं काही दिसलंच नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा: बेस ऐकू येत नाही.

बेसची सर्वांत जाड तार मोकळी सोडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो मूळ स्वर काढताच येत नाही. तरी गाणं अगदी पोकळ वाटत नाही, कारण वरच्या स्वरांशांवरून कान स्वतःच खालचा स्वर ताडतो. हॉलमध्ये वेगळी अडचण. त्या स्वराची हवेतली लाट आठ मीटरपेक्षा लांब असते, त्यामुळे ती भिंतींशी आणि कोपऱ्यांत साचते. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला नुसती घूं घूं ऐकू येते, तर मधल्या काही रांगांत बेस जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून साउंड चेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासताना, आम्ही लांब वायर लावून, वाजवत वाजवत खाली प्रेक्षागृहात उतरतो आणि रांगांमधून फिरतो. दरवेळी तुमची खुर्ची अशा पट्ट्यात आली असेल, तर दोष तुमच्या कानांचा नाही.

तुम्ही सवाईचे श्रोते आहात म्हणून एक उदाहरण देतो. गायकामागे शिष्य तंबोरे धरून बसतात. खर्जाची तार 'ऐकायला' कुणी तिकीट काढत नाही, पण ती उतरली तर गायक पहिला मागे वळून बघतो. हे तुम्हाला मी सांगायला नको. बेसमध्ये याच्या पुढचं एक काम आहे. तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही, बेसचा पाया हलतो. गायिका गंधारावर स्थिर उभी आहे असं समजा. खाली बेसने षड्ज दिला तर तो गंधार प्रसन्न लागतो. गायिकेने काहीही न बदलता बेस षड्जावरून खालच्या धैवतावर गेला की तोच गंधार एकदम हळवा होतो. घरी पेटीवर करून पाहा: उजव्या हाताने ग धरून ठेवा, डाव्या हाताने आधी सा, मग त्याखालचा शुद्ध ध. गाणं ऐकताना इथे पोटात काहीतरी हललं असेल, तर तेव्हा तुम्ही बेस ऐकलेला आहे.

कीबोर्डचा डावा हात हे करू शकतो, हे खरं आहे. नव्वदच्या दशकात अनेक ऑर्केस्ट्रांतून बेसवाला गेला तो याचमुळे: एक मानधन वाचलं, गाडीतली एक जागा वाचली. त्या संचालकांना मी दोष देत नाही, गणपतीतल्या दहा दिवसांवर वर्ष काढणारी माणसं होती ती. पण बेस वाजवणं म्हणजे निम्मं काम स्वर थांबवण्याचं आहे. छेडलेला स्वर किती लांब ठेवायचा, ठोक्याच्या किती आधी डाव्या हाताच्या बोटांनी तार नुसती झाकून गप्प करायची, त्या रिकाम्या जागेत ड्रमसेटमधला स्नेअर ड्रम किती उठून दिसेल, हे सगळं त्यात येतं. उजव्या हाताने सनई, व्हायोलिन, बासरी असं सगळं सांभाळणाऱ्या माणसाकडून डाव्या हाताने ही निगराणी करण्याची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. बेस गिटारच्या जन्मामागे स्वराचा नेमकेपणाही होता. १९५१ साली लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या वाद्याचं नाव 'प्रिसिजन' होतं, कारण फ्रेट असल्यामुळे स्वर नेमका लागायचा. तारा मात्र व्हायोलिनच्या जातीच्या, माणसाएवढ्या उंच डबल बेसच्याच चार स्वरांत, ई-ए-डी-जी. ती साध्या गिटारची स्वस्त आवृत्ती नव्हती आणि नाही.

आता रात्रींबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सर्वांत लागला. लेखात मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती, त्यामुळे तुमचा गैरसमज झाला असणार.

बँडमध्ये गिटारवाले दोन असू शकतात. कीबोर्डवाले दोन, गायक चार, तालवाद्यांचा तर ताफाच. बेसवाला एकच. एक उभा असेल तर दुसऱ्याला तिथे काम नाही. म्हणून मी बत्तीस वर्षांत दुसऱ्या बेसवाल्याशेजारी उभा राहून एकही प्रोग्रॅम वाजवलेला नाही. तबलजी गुरूच्या मागे बसून शिकतो, ढोल पथकातला मुलगा शेजारच्याच्या टिपरूकडे बघून शिकतो. आम्ही कुणाकडे बघायचं? आमची गाठ पडते ती वाजवणं संपल्यावरच. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, तो नियमच आहे. मग वायरी गुंडाळणं, सामान टेम्पोत चढवणं. त्यात बेसचा अँप सर्वांत जड, त्यामुळे आम्ही शेवटी निघतो. साडेअकरा-बारा होतात. बालगंधर्वहून एक, कोथरूडहून एक, कुठल्याशा लग्नाच्या लॉनवरून एक असे आम्ही पुणे स्टेशनजवळ अंडाभुर्जीच्या गाडीवर किंवा अमृततुल्यवर भेटतो, आणि बोलणं लांबलं तर नळ स्टॉपच्या पहाटेच्या पोह्यांपर्यंत बसतो. आमची शाळा भरायची वेळ ती आहे. दारूचा तुम्ही उल्लेख केला आहे. त्या बैठकीत दारू नव्हती, चहा होता, आणि परतताना गाडी चालवायची असते.

त्या शाळेत काय मिळतं, हे एका गोष्टीवरून सांगतो. ही मी लेखात घेतली नव्हती, कारण ती मजेची नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेठेतल्या एका मांडवात आमचा प्रोग्रॅम होता. मी बेसबरोबर कोरसही गायचो. पाऊस पडून गेलेला, फळ्यांवर ओल. माझा अँप मांडवाच्या बोर्डावर, मिक्सर पलीकडच्या घरातून ओढलेल्या वायरवर. अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणीतरी कापून टाकलेली, कारण बोर्डाला दोनच भोकं होती. पहिल्या कोरसला मी माइकजवळ गेलो आणि ओठ टेकले. डावा हात तारांवर होता. तारा पुलावाटे (त्या टेकतात त्या धातूच्या पट्टीतून) अँपच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरशी. त्या दोन पत्र्यांमध्ये जो विजेचा दाब होता, तो माझ्या ओठातून शिरून हातातून बाहेर पडला. ओठावर निळा ठिपका उमटला, डावा हात दोन दिवस बधिर होता. ओल्या फळीवर मी पाय घसरून मागे पडलो, म्हणूनच सुटलो.

हे मी त्याच रात्री चहाच्या टपरीवर सांगितलं, तेव्हा काकांनी खिशातून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, "आधी हा माइकच्या जाळीला, मग तारांना. पेटला तर वाजवायचं नाही. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर. आणि ओठ कधीच पहिले न्यायचे नाहीत." मग त्यांनी लेस हार्वीचं सांगितलं. स्टोन द क्रोज या बँडचा हा गिटारवादक १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टेजवर असाच माइकला हात लावताना शॉक लागून गेला. अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

तो टेस्टर माझ्या पिशवीत आजही आहे. ही हकीकत मी प्रत्येक बैठकीत नव्या मुलांना सांगतो, त्यातल्या काहींना ती पाठ झाली आहे. दोन वर्षांपूर्वी वर सांगितलेल्या त्याच मुलीने एका महाविद्यालयाच्या गॅदरिंगला वाजवण्याआधी माइकला टेस्टर लावला आणि तो लख्ख पेटला. तिने वाजवायला नकार दिला. आयोजक चिडले, "सगळे वाजवतात, तुलाच काय झालं" म्हणाले. ती हलली नाही. वायरमनला बोलावून बोर्ड बदलेपर्यंत चाळीस मिनिटं प्रोग्रॅम थांबला. तिच्यानंतर त्याच माइकवर गाणाऱ्या मुलाच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार होती.

जुन्या आठवणी उगाळणं तुम्ही याला म्हणता. पुन्हा एकदा विचार करा, एवढीच विनंती.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न राहिला: काकांची ती गिटार आज विकली तर किती येतील? ती विकायची नाही. काकांच्या बोटांना आता जाड तार दाबवत नाही, म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी ती त्या मुलीला वाजवायला दिली. ए तारेची खुंटी झिजली आहे, दर दोन गाण्यांनी स्वर उतरतो. बदलायची का, तर काका म्हणाले, आधी तिचा स्वभाव ओळख, मग बदल. गाण्याच्या शेवटच्या ओळीत जिथे बेस गप्प असतो, तिथे डावा हात वर नेऊन ती आता खुंटी केसभर आवळते आणि पुढच्या गाण्याच्या समेला तार जागेवर असते. येत्या शनिवारी कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात ती वाजवणार आहे. आलात तर मागच्या भिंतीजवळ बसू नका. साउंड चेकला मी रांगांमधून फिरणारच आहे, बेस जिथे चांगला लागतो अशी खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतो.