माझा मामा एज केस नाही

आज डोकं इतकं फिरलं होतं की ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीतच हे लिहायला घेतलं, पण गर्दीत जमेना. आता जेवणं आटोपून बसलेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना वेळ आहे त्यांनीच वाचा.

दुपारी ऑफिसात नव्या अ‍ॅपच्या पर्सोनांचं प्रेझेंटेशन होतं. आमच्या धंद्याबाहेरच्या लोकांसाठी सांगते. एखादं अ‍ॅप करायला घेतलं की ते कोण वापरणार, त्यातली दोन-चार माणसं आम्ही कागदावर उभी करतो. नाव, वय, काम, कसली घाई असते, कुठे अडतं. मग पुढे प्रत्येक स्क्रीन करताना 'युजरला काय आवडेल' असं हवेत बोलत बसण्यापेक्षा 'हे रोहनला जमेल का' असं विचारायचं. पद्धत चांगली आहे. नीट वापरली तर मीटिंगमधली निम्मी भांडणं मिटतात.

तर आजचा रोहन, वय 29, घोडबंदर रोडला टू बीएचके. मग नेहा, मग अर्णव. तिघांनाही घाई, तिघांकडे भारी फोन, तिघांच्याही हातांची दहाही बोटं शाबूत. आणि सगळ्यात शेवटच्या स्लाइडवर, वेगळ्या रंगात, 'इन्क्लुझिव्ह पर्सोना', म्हणजे सगळ्यांना सामावून घेण्यासाठीचा. सुमनताई, वय 67. दिसायला कमी, ऐकायला कमी, हात थरथरतात, वाचायला वेळ लागतो. सगळ्या अडचणी एकाच बाईच्या गळ्यात बांधलेल्या. तंत्रज्ञान किती जमतं त्याची पट्टी पाचपैकी एकवर. आणि अवतरणचिन्हांत तिचं म्हणणं: 'मला मोबाइलची भीती वाटते.'

मी विचारलं, हे वाक्य कोण बोललं? कुणाला भेटून आलात? कुणी काही बोलेना. मग कळलं, कुणीच बोललं नव्हतं. एआयला सांगून पर्सोना लिहून घेतला होता. आणि माझा प्रश्न संपायच्या आत पलीकडून उत्तर आलं, 'त्या एज केसेस आहेत गं, फेज टूमध्ये बघू.'

एज केस म्हणजे क्वचितच कधीतरी येणारं, कडेचं प्रकरण. आणि फेज टू, म्हणजे पुढचा टप्पा, कधी येतो ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

मला तिथे मामा आठवला. माझा सख्खा मामा, घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताची तीन बोटं त्या प्रेसमध्ये गेली, तेव्हा मी शाळेत होते. अंगठा आहे, पण वाकत नाही. डाव्या हाताची बोटं आता संधिवातानं आखडलीत. हा माणूस सोसायटीचा खजिनदार आहे. कुणाचा मेंटेनन्स किती महिने थकलाय ते विचारा, वही न उघडता सांगेल. फोनवर दोन यूपीआय अ‍ॅप आहेत, एक घराचं, एक सोसायटीच्या किरकोळ खर्चाचं, म्हणजे हिशोबात घोळ नको. महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करून एक्सेलमध्ये टाकतो. सांगा, याची पट्टी पाचपैकी कितीवर ठेवायची?

तो फोन हातात धरत नाही, धरता येत नाही. टेबलावर ओलं फडकं पिळून पसरतो आणि त्यावर फोन आडवा ठेवतो, म्हणजे बोट लावल्यावर फोन सरकत नाही. मग डाव्या हाताच्या बोटाचं पेर टेकवून एकेक बटण दाबतो. सावकाश, पण चुकत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि त्याचं काही अडलेलं नाही.

अडलं ते एका अपडेटनंतर. बिल भरायच्या अ‍ॅपमध्ये आधी साधं बटण होतं, दाबलं की झालं. नव्या अपडेटमध्ये ते काढून सरकवायची पट्टी आणली. डावीकडून उजवीकडे बोट न उचलता ओढत न्यायचं, टोकाला पोचलं की पैसे जाणार. मामाचं बोट मध्येच उचललं जातं. उचललं की पट्टी परत मागे. पुन्हा ओढायचं, पुन्हा मागे. फडक्यावरचा फोनही त्या ओढण्यानं वाकडा व्हायचा, तो सरळ करायचा, पुन्हा सुरुवात. जिन्याच्या दिव्यांचं आणि पंपाचं कॉमन मीटरचं बिल होतं, शेवटची तारीख होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारली. त्यानं पट्टी सरकवली, पिनचं पान उघडलं, पण फोन परत टेबलावर येऊन फडक्यावर बसेपर्यंत ते पान बंद. दुसऱ्यांदा तेच. मग मामानं त्या पोराला पिन सांगितला. जिन्यात उभं राहून, मोठ्यानं.

मला हे मामीनं सांगितलं. त्यानं स्वतः मला सांगितलं नाही. ज्या माणसावर सोसायटीच्या पैशासाठी अख्खी इमारत विश्वास ठेवते, त्याला स्वतःचा पिन दुसऱ्याला सांगावा लागला. कारण एका डिझायनरला पट्टी बटणापेक्षा छान दिसली, आणि त्या टीमच्या पर्सोनांत दहा बोटांशिवायचा कुणी नव्हता.

बरं, हे काही कुणाला माहीत नसलेलं गूढ नाही. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय सुगम्यतेचे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. त्यात स्पष्ट म्हटलंय की एखादी गोष्ट ओढून करायची असेल तर न ओढता, नुसतं दाबून करायचाही मार्ग द्या. पट्टी ठेवा हवी तर, शेजारी बटण द्या. एवढंच. आणि ही कृपा नाही. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं तर सांगून टाकलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण माहीत आहे का? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांच्या याचिका होत्या. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटा म्हणतात. जिची पापणी मिटतच नाही तिनं काय करायचं? 'जिवंत आहात हे दाखवा' एवढ्यासाठी पापणी हवी हे ठरवताना त्या खोलीतल्या कुणाच्या डोळ्यांसमोर अशी बाई नव्हती. आमच्या आजच्या खोलीसारखीच खोली असणार ती.

2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या, त्यातल्या 54 लाख हालचालीच्या अपंगत्वाच्या. एज केस म्हणताना जीभ अडखळत कशी नाही?

चहा घेऊन आले. जरा शांतपणे लिहिते.

ती स्लाइड जिनं केली ती मुलगी नवीन आहे, यंदाच लागलीय. माझा तिच्यावर राग नाही, खरंच नाही. तिला म्हणे परवा संध्याकाळी सांगितलं, 'एक इन्क्लुझिव्हपण टाक.' रिसर्चला वेळ दिला नाही, बजेट दिलं नाही, कुणाला भेटायला पाठवलं नाही. मग ती बिचारी काय करणार? मीटिंगनंतर माझ्या टेबलापाशी आली आणि विचारलं, 'ताई, मग कसं लिहायचं असतं?' रडवेली झाली होती. तिला खाली नेऊन वडापाव खायला घातला आणि मामाची सगळी गोष्ट सांगितली. ओल्या फडक्यापाशी ती थांबली. म्हणाली, 'हे मला सुचलंच नसतं.' मी म्हटलं, मलाही सुचलं नसतं, कुणालाच सुचणार नाही. ते बघावं लागतं.

पर्सोनाची सुरुवातच मुळी तशी झालीय. अ‍ॅलन कूपर या अमेरिकन माणसानं 1983 च्या सुमारास एक प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आधी तो असं काम करणाऱ्या लोकांना भेटला, त्यात जाहिरात कंपनीतली एक बाई होती. तिच्यावरून त्यानं मनात एक व्यक्ती उभी केली. जवळच्या गोल्फ कोर्सवर फिरायला जायचा आणि चालता चालता तिच्या जागी स्वतःला ठेवून स्वतःशीच बोलायचा: मला हे कशाला हवंय, हे मला रोज लागेल का? पुढे 1999 मध्ये त्याच्या पुस्तकातून ही पद्धत सगळीकडे गेली. म्हणजे आधी माणूस, मग कागद. आता आपण कागदापासून सुरुवात करतो आणि माणसापर्यंत पोचतच नाही.

मान्य आहे, चार पर्सोनांत अख्खा देश मावत नाही. लहान टीमना सगळ्यांना भेटणं जमत नाही, हेही मान्य. पण एकालाही न भेटणं याला सबब नाही.

मग कसं लिहायचं? मी त्या मुलीला जे सांगितलं तेच इथे लिहिते. ती वेगळ्या रंगाची स्लाइड आधी काढून टाक. रोहनलाच अंध कर. तो घोडबंदरलाच राहू दे, नोकरी तीच, घाई तीच, फक्त फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, ऐकत वापरतो. तुमच्या बटणांना नावं दिलेली नसतील तर त्याला नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं, हे एक वाक्य त्याच्या पर्सोनाच्या कार्डावर लिही. नेहाला ऐकू येत नाही. 'आमचा प्रतिनिधी तुम्हाला फोन करेल' ही स्क्रीन तिच्यासाठी बंद दरवाजा आहे. आणि चौथं कार्ड मामाचं. सोसायटीचा खजिनदार, वय 64, महिनाअखेरीला हिशोब लावतो, स्टेटमेंट लागतं, फोन टेबलावर ठेवून एका बोटानं वापरतो. अपंगत्व त्यात एका ओळीत येतं, पण त्या एका ओळीतून ओढायची पट्टी बाद होते, वेळेची मर्यादा वाढते, बटणं मोठी होतात.

आणि मामा अख्खा लिहिला नाही तर काय होतं तेही सांगितलं. 'हात नीट चालत नाही, वय झालंय' एवढंच लिहिलं की कुणीतरी उत्साहानं 'सीनियर मोड' काढतं. चार मोठाली चित्रं, बाकी सगळं गायब. मामाला ते नकोय! त्याला एक्सेलची फाइल हवीय. त्याला तुमच्याइतकंच सगळं हवंय.

आता काही जण म्हणतील, मॅनेजमेंटला पटवायचं तर फायद्याच्या भाषेत सांग. मायक्रोसॉफ्टच्या डिझाइनवाल्यांची एक मांडणी त्यासाठी नेहमी वापरतात: एक हात नसलेला माणूस, हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस आणि कडेवर बाळ असलेली आई. तिघांनाही एका हातानं चालेल असं अ‍ॅप लागतं. आपल्याकडे तर ठाण्याहून पनवेल गाडीत सकाळी चढलेला प्रत्येक जण एकहातीच असतो, दुसरा हात कडीला. मांडणी बरोबर आहे, मीही वापरते, आणि तिनं काम होतं हे नाकारता येत नाही. पण आज तीही नकोशी वाटतेय. मामाला बिल भरता यावं म्हणून आधी रोहनची गाडीतली सोय दाखवायची? रोहनला सोय होत नसती तर मामानं जिन्यात पिन सांगत राहायचं? काही गोष्टी नुसत्या बरोबर आहेत म्हणून करायच्या असतात. हे मला माझ्या मित्रमंडळींना पटवून द्यायची गरज नाही, पण मीटिंगमध्ये पटवून द्यावं लागतं, आणि त्याचाच थकवा येतो.

मामाला मी नंतर एकदा विचारलं होतं, त्या अ‍ॅपला तक्रार का नाही केलीस? म्हणाला, 'अगं, त्यांना वाटलं असेल सगळ्यांना जमतं.' त्याच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र तेव्हाही आला होता आणि आत्ता टाइप करतानाही येतोय. प्रेसमध्ये बोटं गेली तेव्हाही तो असंच बोलला होता म्हणे. त्याच्या या समजूतदारपणावर आमचा धंदा आरामात चाललाय.

असो. मीटिंगच्या शेवटी मी एक गोष्ट मात्र मिळवली. पर्सोना फायनल करायच्या आधी दोन आठवडे मागून घेतलेत, आणि भेटायला येणाऱ्यांना मानधन द्यायचं कबूल करून घेतलंय. प्रॉडक्ट मॅनेजर कुरकुरला, पण हो म्हणाला. ती नवी मुलगी माझ्याबरोबर असेल.

तर आता काम. ठाणे, कळवा, ऐरोली ते वाशी, या पट्ट्यात तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी असेल, जे स्क्रीन रीडरवर फोन वापरतात, ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचा हात चालत नाही, कंप आहे, अक्षरं उलटसुलट दिसतात, वय कितीही असो, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. कमेंटमध्ये कुणाचं नाव-नंबर टाकू नका. आम्ही त्यांच्या घरी येऊ, त्यांनी ऑफिसात यायची गरज नाही. तासभर लागेल. त्यांच्याच फोनवर, ते एरवी बसतात त्याच जागी बसून, रोजची कामं करताना आम्हाला फक्त बघायचंय. सांकेतिक भाषेसाठी दुभाषा लागणार असेल तर आधी सांगा, ती व्यवस्था आमच्याकडून होईल. शनिवार-रविवारही चालेल.