म्हशीच्या ढेकरावर टॅक्स? कुणी सांगितलं ओ!

काल रात्री आत्तीचा फोन. "आरं, म्हशीच्या ढेकरावर कर बसणाराय म्हणं, एक म्हस काढून टाकू काय?" चार म्हशी दावणीला, त्यातली दुभती विकायला निघालीय आणि हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, तर तोच मेसेज दाखवून भाव पाडून मागतोय! मग मी तो मेसेज मागवून घेतला. त्यात लिहिलंय, भारतानं परदेशात सही केली, आता म्हशीमागं कार्बन टॅक्स, पाचट पेटवलं की कार्बनचा दंड, आणि कार्बन मार्केट हा युरोपचा डाव, ते स्वतः एक पैसा भरत नाहीत.

सहीचं आधी बघू. 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन, म्हणजे जनावरांच्या ढेकरातनं निघणारा गॅस, कमी करायचा करार पुढं आला होता, अमेरिका आणि युरोपनं आणलेला. भारतानं त्यावर सही केलीच नाही, आणि का नाही, तर आपल्याकडं जनावरं आणि भातशेती म्हणजे गरिबाचं पोट. म्हणजे जी सही झालीच नाही तिच्या नावावर आत्तीची म्हस विकली जाणार होती. हां, डेन्मार्कनं जनावरांवर कर लावायचं 2024 मध्ये ठरवलंय, 2030 पासून, तेवढं खरं. पण डेन्मार्क कुठं आणि आमचा गोठा कुठं?

आता मार्केट. 2022 ला ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, जून 2023 ला कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आली. ती सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद असल्या मोठ्या कारखान्यांसाठी हाय. एक टन माल काढताना किती कार्बन सोडायचा याचं टार्गेट, त्याच्या आत राहिला तर सर्टिफिकेट मिळतं, वर गेला तर दुसऱ्याकडनं विकत घ्यायचं. एक सर्टिफिकेट म्हणजे एक टन कार्बन वायू. यात गोठा कुठं आला सांगा की! शेतीतनं क्रेडिट, म्हणजे असलंच सर्टिफिकेट, मिळवायची वाट हाय, पण ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि तिथं पैसे मिळवायचे असतात, भरायचे नसतात.

पाचटाचा आणि या स्कीमचा काय संबंध नाही. तरी जाळू नका बाबांनो, रानात कुजू दे.

युरोप पैसे भरत नाही हे तर साफ खोटं, तिकडं हा बाजार 2005 पासून चालू हाय आणि फेब्रुवारी 2023 ला टनभर कार्बन सोडायच्या परवान्याचा भाव 100 युरोच्या वर गेलेला. कारखान्यांना तिथं बरेच परवाने फुकट वाटले, हे मात्र नाइलाजानं मान्य करतो. आपल्या स्कीमवरबी बोलण्यासारखं लई हाय. टार्गेट टनामागं, म्हणजे माल वाढला की एकूण धूर वाढला तरी कारखाना पास. यावर भांडा की! पण ग्रुपवर ह्यांच्या पार्टीचे त्यांना शिव्या घालणार, त्यांचे ह्यांना, आणि मधी म्हस.

आत्तीला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग त्या हेड्याला काय सांगू?" म्हटलं, मेसेज परत पाठव आणि वाडग्यात पाय ठेवू देऊ नको.