'ओ फोर्तुना', सैतान आणि 432 हर्ट्झ: एका फॉरवर्डला उत्तर

'ओ फोर्तुना' या समूहगानाच्या ध्वनिमुद्रणासोबत व्हॉट्सअॅपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हे 800 वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मठवासीयांचे मूळ गाणे असून त्याची चाल हस्तलिखितातून जशीच्या तशी घेतली आहे, त्यात सैतानाला आवाहन आहे, म्हणूनच 'द ओमेन' या चित्रपटात ते वापरले गेले, चर्चने भीतीपोटी ते शतकानुशतके दडवून ठेवले, आणि मूळ गायन 432 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 432 कंपनांच्या पट्टीवर, होत असल्यामुळे त्याचा थेट मेंदूवर परिणाम होतो. हे घरात लावू नका आणि सर्वांना कळवा, असा आदेश शेवटी आहेच. हा संदेश माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने पुण्यात एका गायकवृंदात गाणाऱ्या आपल्या मुलीला कार्यक्रमातून नाव काढून घ्यायला सांगितले. संदेश नुसता हास्यास्पद असता तर सोडून दिला असता. त्यापायी एका मुलीचे गाणे थांबत असेल, तर उत्तर देणे भाग आहे.

आधी सैतानाचे पाहू. 'ओ फोर्तुना' ही लॅटिन कविता तीन कडव्यांची आहे आणि त्यांपैकी एकातही सैतान नाही. फोर्तुना ही रोमन लोकांची दैवाची देवता. हे दैवा, तू चंद्रासारखे सतत बदलणारे, कधी वाढणारे, कधी घटणारे आहेस. दारिद्र्य आणि सत्ता दोन्ही तू बर्फासारखी वितळवून टाकतोस. तुझ्या खेळापायी माझी पाठ उघडी पडली आहे. बलवानालाही दैव खाली पाडते, म्हणून सर्वांनी माझ्याबरोबर शोक करा, असा तिचा आशय आहे. ही कविता ज्या हस्तलिखितात आहे त्याच्या पहिल्याच पानावर आज दैवाच्या चक्राचे चित्र दिसते: एक जण राज्य मिळण्याच्या आशेने वर चढतो आहे, दुसरा सिंहासनावर आहे, तिसरा घसरतो आहे आणि चौथा राज्य गमावून तळाशी पडला आहे. रावाचा रंक होण्याच्या कथा ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांना यात भीतिदायक काय वाटावे, हे मला खरोखर कळत नाही.

'द ओमेन'विषयी फार लिहायला नको. 1976 च्या त्या चित्रपटासाठी जेरी गोल्डस्मिथ यांनी स्वतंत्र संगीत रचले आणि त्याला ऑस्कर मिळाले. त्यातील समूहगानाचे लॅटिन शब्द सैतानाचा जयजयकार करणारेच आहेत, पण ते गाणे वेगळे आणि 'ओ फोर्तुना' वेगळे. दोन्ही लॅटिन आणि दोन्ही दणदणीत, एवढ्यावरच ही गल्लत झालेली आहे.

सर्वांत हास्यास्पद मुद्दा मात्र 'मूळ चाली'चा आहे. संदेशासोबत जे ऐकवले जाते, ते म्युनिकचे संगीतकार कार्ल ऑर्फ यांचे विसाव्या शतकातील संगीत आहे. 'कार्मिना बुराना' या हस्तलिखितातून त्यांनी 24 रचना निवडल्या, 1935-36 मध्ये त्यांना स्वतःच्या चाली दिल्या आणि 8 जून 1937 रोजी फ्रँकफर्टच्या ऑपेरागृहात त्यांचा पहिला प्रयोग झाला. भव्य वाद्यवृंद, दोन पियानो आणि तालवाद्यांचा ताफा असलेल्या या संगीताला तेराव्या शतकाचे म्हणण्यासाठी कान बंदच ठेवावे लागतील. 'राजस सुकुमार मदनाचा पुतळा' हे शब्द तुकोबांचे, पण भीमसेन जोशींच्या आवाजात आपण ऐकतो ती चाल श्रीनिवास खळे यांची. तिला कोणी सतराव्या शतकातील देहूची मूळ चाल म्हटले तर आपण हसू. इथेही तेच झाले आहे.

शब्द जुने आहेत, एवढे मान्य करावे लागते. हे हस्तलिखित साधारण 1230 च्या सुमाराचे असून त्यात अडीचशेच्या आसपास रचना आहेत. बहुतेक लॅटिनमध्ये, काही त्या काळच्या जर्मनमध्ये. नीतिपर आणि उपहासात्मक कविता, प्रेमगीते, मद्याची आणि जुगाराची गाणी असा त्यांचा ऐवज आहे. बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाने ते संकेतस्थळावर पानापानाने खुले केले आहे. संदेश लिहिणाऱ्याने ती पाने एकदा उघडली असती, तर पुढचे काही लिहावेच लागले नसते. काही गीतांच्या ओळींवर त्यात न्यूम नावाच्या बारीक खुणा दिसतात, पण त्या स्वररेषांवर, म्हणजे स्वराची नेमकी उंची दाखवणाऱ्या आडव्या रेषांवर, मांडलेल्या नाहीत. सूर वर जातो की खाली येतो याची आठवण त्या गायकाला करून देतात. नेमका कोणता स्वर, हे सांगत नाहीत. ज्याला चाल आधीच पाठ आहे, त्याच्यासाठीच त्या होत्या.

मग मध्ययुगीन चालींची ध्वनिमुद्रणे निघाली कशी? तीच कविता दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात स्वररेषांसह सापडली, तर तिथून चाल घेता येते. 'कार्मिना बुराना'तील एका लॅटिन गीताच्या शेवटी वाल्टर फॉन डेर फोगेलवाइडे या जर्मन कवीच्या पॅलेस्टाइनविषयीच्या गीताचे पहिले कडवे जोडलेले आहे. त्या जर्मन गीताची चाल म्युन्स्टर येथे सापडलेल्या एका त्रुटित हस्तलिखितात टिकून राहिली, म्हणून त्यासोबतचे लॅटिन गीतही आज त्याच चालीवर गायले जाते. थॉमस बिंकली आणि त्यांच्या म्युनिकमधील सहकाऱ्यांनी 1964 मध्ये अशा गीतांची तबकडी काढली, सत्तरच्या दशकात व्हिएन्नाच्या रने क्लेमेंचिच यांनी आणि ऐंशीच्या दशकात लंडनच्या फिलिप पिकेट यांनी. ही ध्वनिमुद्रणे ऐकली की ऑर्फच्या गर्जनेशी त्यांचा संबंध नाही, हे पहिल्या मिनिटात कळते. तरीही तीसुद्धा 'मूळ' नव्हेत. कोणते वाद्य कुठे वाजावे, लय कोणती असावी, हे हस्तलिखित सांगत नाही. बिंकलींच्या वादनात उत्तर आफ्रिकेतील संगीतपरंपरेचा प्रभाव आहे आणि ती त्यांची निवड आहे. तबकड्यांच्या वेष्टणांवर मूळ हस्तलिखिताचे नाव ठळक छापले जाते, तेव्हा विक्रेत्यांचाही या गैरसमजाला थोडा हातभार लागतोच.

ज्या लिपीतून स्वरच नक्की कळत नाही, तिच्यातून 432 हा आकडा कोणी वाचला, हे संदेशकर्त्यालाच ठाऊक. तेराव्या शतकात कंपनसंख्या मोजण्याचे साधन नव्हते आणि सगळीकडे चालणारी एकच पट्टीही नव्हती. वाद्ये जुळवण्याची 440 हर्ट्झची आंतरराष्ट्रीय पट्टीदेखील 1939 च्या परिषदेत ठरली.

राहिला दडवून ठेवण्याचा आरोप. 1803 मध्ये बव्हेरियात मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, तेव्हा बेनेडिक्टबॉयर्न मठाच्या ग्रंथालयात हे हस्तलिखित आढळले. 1847 मध्ये योहान आंद्रेआस श्मेलर यांनी ते छापून प्रसिद्ध केले आणि मठाच्या नावावरून त्याला 'कार्मिना बुराना', म्हणजे 'बॉयर्नची गीते', हे नाव दिले. धर्माची टिंगल त्यात आहे, हे मी नाकारत नाही: जुगाऱ्यांची एक प्रार्थनाविधी त्यात आहे आणि तिच्यात देवाच्या जागी फाशांचा देव बसवला आहे. परंतु त्याच हस्तलिखितात ख्रिस्तजन्माचे आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे नाट्यही आहे, आणि यांतील बरेचसे लेखन चर्चच्याच शाळांत लॅटिन शिकलेल्या लोकांचे आहे.