रोहूला इंजेक्शन देतात, पण तुमच्या ताटातल्या रोहूला नाही

महिनाभरापासून आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तलावातल्या रोहू-कतल्याला हार्मोनचं इंजेक्शन देतात, त्यानं भूक खवळून मासोळी चार महिन्यांत दोन किलोची होते आणि ती खाल्ली की मुलींना लवकर पाळी येते, पोरं नामर्द होतात, असा त्याचा मजकूर. परवा आठवडी बाजारात आमच्या ओळखीच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या मावशींचं टोपलं दुपारपर्यंत तसंच भरलेलं होतं. जी ती बाई विचारे, "इंजेक्शनची तर नाही ना?" आणि पुढे जाई. ते पाहवलं नाही.

इंजेक्शन देतात, हे खरं आहे. पण ते मत्स्यबीज केंद्रावरच्या, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथल्या, नर-मादीला. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तलावात मादीचं पोट अंड्यांनी भरतं, पण मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन विणीची हार्मोन सोडणाऱ्या पियुषिका ग्रंथीला आवरून धरतं, म्हणून ती सुटत नाहीत. इंजेक्शनातला एक घटक त्या ग्रंथीला चालना देतो आणि दुसरा डोपामिनचा अडसर काढतो. हा दुसरा घटक म्हणजे डोमपेरिडोन. मळमळ-उलटी होते तेव्हा डॉक्टर आपल्याला देतात, तेच औषध.

मी हे आषाढात एका केंद्रावर उभं राहून पाहिलं आहे. संध्याकाळी ओल्या फडक्यात धरून मादीला वजनाच्या हिशेबानं टोचलं, सोबतच्या नरांना थोडं कमी. सकाळी हौदात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी फिरत होती. किलोभर वजनाची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यांतून मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, मग बोटाएवढी बोटुकली, आणि ती बोटुकली आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात पडते. तिला सुई लागलेलीच नसते. तलावातल्या हजारो मासोळ्या एकेक धरून टोचायला कोण बसणार, हेही कोणी विचारलं नाही.

आता भुकेचं. इथे मेसेज नुसता चुकत नाही, उलटं सांगतो. कॅनडातल्या मेमोरियल विद्यापीठात हेलेन व्होलकॉफ यांनी माशांच्या भुकेच्या हार्मोनवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. रोहूच्याच कुळातल्या गोल्डफिशवर त्यांच्या गटानं केलेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. विणीला चालना देणारं जीएनआरएच हार्मोन टोचल्यावर माशांचं खाणं घटलं, आणि भूक वाढवणारं ओरेक्सिन टोचल्यावर त्यांची विणीची हालचाल मंदावली. बीज केंद्रावरच्या सुईत याच जीएनआरएचची नक्कल असते. ती देऊन मासोळी खादाड होईल कशी? आणि चार महिन्यांत दोन किलो? चांगली पोसलेली रोहू वर्षभरात किलोच्या आसपास जाते, आमच्या तलावांत बहुधा तेवढीही नाही.

पाळी आणि नामर्दीची भीती तर निराधारच. जीएनआरएच हे प्रथिनासारखंच एक पेप्टाइड आहे, पोटात गेलं की पचतं. इन्सुलिनही गोळीसारखं गिळता येत नाही, टोचावं लागतं, त्याचं कारण हेच. मुलीला फार लवकर पाळी आली असेल तर डॉक्टरांना दाखवा, मासोळीवाल्या मावशींना जाब विचारू नका.

एक गोष्ट लपवणार नाही. तिलापियाच्या शेतीत बऱ्याच ठिकाणी सगळे नर व्हावेत म्हणून पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन देतात. तेव्हा पिल्लू ग्रॅमभराचंही नसतं, आणि विक्रीला येईपर्यंत पुढे कित्येक महिने जातात. त्या हार्मोनावर देखरेख हवी, हे मलाही मान्य आहे. पण रोहू-कतल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

"जुन्या काळची मासोळी बिनइंजेक्शनची होती" असंही त्या मेसेजमध्ये आहे. तेव्हा बीज नदीतून गाळून आणत, आणि त्यात रोहूच्या पिल्लांना गिळणाऱ्या जातींचीही पिल्लं येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलमध्ये हिरालाल चौधरींनी दुसऱ्या माशाच्या पियुषिकेचा अर्क टोचून या माशांची वीण घडवली, तेव्हा ही ओढाताण सुटली. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मावशींच्या टोपल्यातली रोहू त्याच वाटेनं आलेली आहे. मी त्या दिवशी दीड किलो घेतली, घरी रस्सा केला आणि माझ्या दोन्ही मुलींनी तो पोटभर खाल्ला.