दाराला पाटी लागते तेव्हा

परदेशात बिऱ्हाड थाटायला निघालेल्या माणसाला सगळे जण कागदपत्रांची भीती घालतात. नोकरीसाठी श्टुटगार्टला येण्यापूर्वी मलाही व्हिसा, विमा, बँकेचे खाते आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करावयाची पत्त्याची नोंदणी यांविषयी इतके बजावण्यात आले होते, की जाडजूड फाइल काखोटीला मारूनच मी विमानात बसलो. प्रत्यक्षात नोंदणीच्या कचेरीतील बाईंनी घरमालकाचे पत्र वाचले, शिक्का मारला आणि मी रीतसर रहिवासी झालो. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र मी रहिवासी झालो तो दाराच्या मुठीला ‘केरवोख’ अशी अक्षरे कोरलेली लाकडी पाटी लटकली त्या दिवशी.

केरवोख म्हणजे झाडलोटीचा आठवडा. नैर्ऋत्य जर्मनीतील स्वाबिया मुलखाची ही खासियत असून इमारतीतील बिऱ्हाडांनी ती पाळीपाळीने पार पाडायची असते. देवासच्या पवारांप्रमाणे हिच्याही थोरली आणि धाकटी अशा दोन पाती आहेत. धाकटीत आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसला की सुटका होते. थोरलीत तळघर, प्रवेशद्वार आणि घरासमोरचा पदपथ अंगावर येतो, आणि हिवाळ्यात रात्रीतून बर्फ पडलेच, तर कामाच्या दिवशी सकाळी ७ च्या आत तो पदपथ मोकळा करावा लागतो. (पुण्यात त्या वेळी मी दुधाच्या पिशवीपुरते दार उघडत असे, तेही अर्धेच.)

या प्रकरणाची मुळे फार जुनी आहेत. १४९२ साली, म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघून भलतीकडेच पोहोचला त्याच वर्षी, श्टुटगार्टमध्ये प्रत्येकाने आपली घाण आठवड्याच्या आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी असा नियम झाला. पुढे जवळजवळ पाचशे वर्षांनी, १९८८ साली, मानफ्रेड रोमेल महापौर असताना शहराने झाडलोटीच्या पाळीची सक्ती काढून टाकली; पण तोवर ती लोकांच्या अंगवळणी पडली होती आणि भाडेकरारांत तर घर करूनच बसली होती. माझ्या करारात भाड्याची रक्कम एका ओळीत आटोपली असून जिन्याला मात्र अख्खे पान दिलेले आहे.

हे सारे फोनवर ऐकून आई म्हणाली, “अरे, एवढा खर्च करून कंपनीने तुला तिकडे नेले, ते जिने पुसायला?” मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, पण इतक्या वर्षांत या बहिणींमध्ये झाडूचा विषय निघालेला दिसत नाही. कचेरीत मी हे गाऱ्हाणे हसत हसत मांडले, तेव्हा कोणीही हसले नाही. उलट आमचे विभागप्रमुख, जे इंजिनांवर डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ आहेत, गंभीरपणे म्हणाले की या आठवड्यात त्यांचीही थोरली आहे.

खरी अडचण वेगळीच होती. जिना आधीच स्वच्छ होता. घाण असली म्हणजे झाडणे सोपे असते. नसलेली घाण काढायला तपश्चर्या लागते. तळमजल्यावरच्या आजींनी मला त्याची दीक्षा दिली. त्यांनी डाव्या हातात सुपली आणि उजव्या हातात आखूड दांड्याचा ब्रश घेतला, पायरीच्या आतल्या कोपऱ्यातून, जिथे मला काहीच दिसत नव्हते, चिमूटभर धूळ बाहेर काढली आणि ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. मग कठड्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, आणि काही न बोलता आत गेल्या. रागावले नाही म्हणजे कौतुकच झाले, असे स्वाबियातले लोक स्वतःच सांगतात. त्या हिशेबाने तो माझा सत्कार होता.

दुसरे मर्म कळायला थोडा काळ गेला. जिना नुसता पुसून भागत नाही, तो पुसताना दिसावे लागते. गुरुवारी कामावरून आल्यावर मी गुपचूप उरकलेली झाडलोट इमारतीच्या हिशेबात धरलीच जात नसे. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही आणि रविवार तर शांततेचा दिवस, त्यामुळे उरतो तो शनिवार. तेव्हापासून मी शनिवारी सकाळी पत्र्याची बादली पायरीपायरीवर खणकन आपटत खाली उतरतो, खोकतो, फडके नको इतके जोराने पिळतो आणि भेटेल त्याला वाकून नमस्कार करतो. कामाला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो, आणि माझी कीर्ती मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आहे.

अलीकडे समोरच्या घरात हाम्बुर्गचा एक तरुण राहायला आला. पाळी संपल्यावर मी रिवाजाप्रमाणे पाटी त्याच्या दाराला अडकवली, तर तो पाटी हातात घेऊन माझ्याकडेच आला आणि हे काय आहे असे विचारू लागला. तिकडे उत्तरेत असले काही नसते म्हणे. मी त्या जर्मन माणसाला माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये १४९२ पासून सगळे समजावून सांगितले, थोरली-धाकटी उलगडली, कोपरे दाखवले. त्याने सगळे मुकाट्याने ऐकून घेतले आणि एकच शंका विचारली, की नेमके किती वाजता झाडायचे.

“शनिवारी,” मी सांगितले, “आजी खिडकीत आल्या की.”