‘लोखंड वाकवा, पोलादी बना’: एका फॉरवर्डचा समाचार

गेले काही आठवडे बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. वर गदा घेतलेल्या मारुतीरायाचं चित्र, खाली ‘घरबसल्या लोखंड वाकवा, पोलादी बना’ असं शीर्षक, आणि मग कलमांमागून कलमं. बांधकामावर उरलेली टीएमटीची सळई उचला, लोखंड सगळं सारखंच. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढा, वायसर टाकून सात इंची चकती चढवा, सळई पायाखाली दाबा आणि कापा. नवशिक्यांनी सळई गॅसवर लाल करून पाण्यात बुडवावी, म्हणजे नरम पडते. दर महिन्याला सळईच्या जाडीत ‘फक्त दोन मिलिमीटर’ वाढवावेत. अमेरिकेतला हाताने वाकवायचा प्रसिद्ध ‘रेड नेल’ 8 मिलिमीटरचाच असतो, तेव्हा 8ची सळई वाकली की तुम्ही जागतिक दर्जाचे. हाताला काही गुंडाळू नये. शेवटची परीक्षा 8.8चा बोल्ट किंवा जुनी कानस. आणि हे सगळं म्हणे सयाजीरावांच्या काळात इथल्या आखाड्यांत रोज चालायचं.

असले मजकूर मी एरवी अंगठ्याने वर ढकलतो. पण परवा ताईचा फोन आला, “अरे, तुझा ग्राइंडर रविवारपुरता देशील का? अथर्वला सळया कापायच्यात. गार्ड आम्हीच काढून घेऊ.” अथर्व अकरावीत आहे. मकरपुरा जीआयडीसीत आलेला माल तपासून घेण्यात माझी उमर गेली, त्यामुळे ‘गार्ड आम्हीच काढून घेऊ’ हे ऐकून डोकं फिरलं. ताईला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जे लिहिण्यासारखं आहे ते लिहितो.

आधी ग्राइंडर. बाकीच्या बऱ्याच मूर्खपणाने हात दुखतील, याने डोळा जाईल.

घरात कापायची चकती असेल तर उजेडात धरून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. चार इंचीवर 100 मिमी व्यास, 16 मिमीचं भोक आणि 15,300 फेरे असं काहीसं छापलेलं असतं. सात इंचीवर 180 मिमी व्यास, भोक 22 मिमीच्या किंचित वर, आणि फेरे 8,500. हे फेरे म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती, ती हद्द. दोन्ही आकड्यांमागे गणित एकच आहे: चकतीची कड सेकंदाला 80 मीटरपेक्षा जोरात पळता कामा नये. म्हणून चकती मोठी तितके फेरे कमी. आता आपला चार इंची ग्राइंडर मोकळा सोडला की बहुधा 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्यावर सात इंची चकती बसवली तर कडेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी 370 किलोमीटर. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा हद्दीपेक्षा वेग तीस टक्के जास्त म्हणजे ताण पासष्ट-सत्तर टक्के जास्त. ही चकती म्हणजे राळेने चिकटवलेली खडी आणि आत काचतंतूची जाळी. ती वाकत नाही, पिचत नाही, एकदम तुकडे होऊन उडते. आणि ते तुकडे अडवायला जी एकुलती एक वस्तू असते ती यांनी आधीच स्क्रू काढून टेबलावर ठेवलेली.

वर वायसर. 22च्या भोकात 16ची बैठक, मधली फट वायसरने भरायची. तो वायसर केसभर जरी बाजूला बसला तरी चकती लंगडत फिरणार, थरथरणार. गार्ड काढल्याशिवाय मोठी चकती बसतच नाही, यातच उत्तर आहे खरं तर. कंपनीने तिथे जागा ठेवली नाही ती तुमची चकती महाग पडावी म्हणून नव्हे.

पायाखाली दाबून कापण्याबद्दल. सळईची दोन्ही टोकं टेकलेली असली आणि मध्ये कापलं की शेवटी सळई खाली बसते, काप मिटतो आणि चकती त्यात आवळली जाते. मग ग्राइंडर उसळतो, आणि उसळतो तो धरणाऱ्याच्या अंगावर. सळई व्हाइसमध्ये (बाकाला बसवलेल्या शिकंज्यात) आवळायची, कापून पडणारं टोक मोकळं ठेवायचं. डोळ्यांवर चष्मा, तोही बाजूने बंद असलेला. नंबरचा चष्मा चालत नाही.

आणि वाकवायच्या सात इंची तुकड्यांसाठी ग्राइंडर हवाच कशाला? 8 मिमीची साधी सळई हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या हातकरवतीने, निमूट कापली जाते. इंचाला 24 दातांचं ब्लेड, दात पुढच्या बाजूला, पुढे जाताना दाब, मागे येताना सैल. दंडाला व्यायाम होतो तो वेगळा, आणि व्यायामच तर करायचा होता ना? ते जिवावर येत असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. त्याच्याकडे 14 इंची कटऑफ मशीन असतं, अख्खी सळई तो चहा निवायच्या आत कापून देतो.

‘लोखंड सगळं सारखंच’ हे दुसरं. इथे थोडं कबूल करावं लागेल. टीएमटी स्वस्त आहे, गल्लीगल्लीत मिळते आणि वाकवल्यावर काडीसारखी मोडतही नाही. सळयांसाठी आपलं भारतीय मानक आहे, आयएस 1786, सध्याचं 2008चं. त्यात वाकवण्याची चाचणी आहेच: ठरावीक जाडीच्या दांड्याभोवती सळई वाकवून तडा जातो का ते बघतात. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला निदान एवढं श्रेय.

पण तेच मानक पुढेही वाचायचं असतं. ‘एफई 500’ ही टीएमटीची नेहमीची जात; त्यातला 500 म्हणजे सळई कायमची वाकायला सुरुवात व्हायला दर चौरस मिलिमीटरला किमान 500 न्यूटन ताण लागला पाहिजे. साध्या गोल एमएस (माइल्ड स्टील) सळईला हाच आकडा किमान 250. सरळ दुप्पट! आणि ‘किमान’ हा शब्द नीट बघा. नेहमीच्या एफई 500ला वरची मर्यादा नाही. कारखान्याने 580चा माल दिला तरी तो पास, कारण इमारतीला जास्त ताकद चालते. शिवाय 10 मिमीपर्यंतच्या सळईच्या वजनात एका लॉटला सात टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पर्यायाने जाडीही थोडी हलते. घर बांधायला हे सगळं ठीक. पण ज्याला गेल्या महिन्यापेक्षा मनगट सुधारलं का हे बघायचंय, त्याच्या हातात प्रत्येक वेळी वेगळाच माल येणार. आज वाकली, उद्या नाही वाकली. जोर वाढला की सळई बदलली, सांगणार कोण?

त्यात टीएमटीच्या अंगावरच्या आडव्या फासळ्या. त्या काँक्रीटने पकडावं म्हणून असतात. तुमच्या तळहाताला त्या काय करतील ते सांगायला नको.

साध्या सळईतही डोळे मिटून घेण्यासारखं काही नाही. आपल्या गुजरातेत अलंगला जहाजं फुटतात, त्यांचे पत्रे भावनगर-शिहोरच्या रीरोलिंग मिलांमध्ये जातात आणि तिथून सळया होऊन बाजारात येतात. माल वाईट असतो असं नाही, पण दोन सळयांची जात एकच असेल याची हमी कोण देणार? यावर उपाय साधा आहे. सहा मीटरची एकच अख्खी सळई घ्या आणि सगळे तुकडे तिच्यातूनच कापा. 8 मिमीची सहा मीटर सळई अडीच किलोच्या आत भरते (व्यासाचा वर्ग भागिले 162, हे मीटरचं किलोतलं वजन, दुकानदाराचा काटा पडताळायलाही उपयोगी). त्यातून सात इंचाचे 33 तुकडे निघतात आणि ते सगळे एकाच आईची लेकरं. संपत आली की नव्या सळईचे दोन तुकडे जुन्या दोन तुकड्यांशेजारी वाकवून बघायचे, फरक लगेच हाताला कळतो.

आता सयाजीराव. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं, म्हणजे इथल्या जुन्या नामांकित आखाड्याचं, नाव घेतलं की बडोदेकर मराठी माणसाची छाती फुगते, माझीही फुगते. पण महाराज गेले 1939 साली. सळई रोलमधून लालबुंद बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचे फवारे मारून साल कडक करायची आणि आतल्या उष्णतेने तीच साल थोडी सैलावायची, ही टीएमटीची युक्ती बेल्जियममधल्या लिएजच्या संशोधन केंद्रात 1970च्या दशकात तयार झाली. म्हणजे आमच्या पैलवानांनी ही सळई ती जन्मायच्या तीसेक वर्षं आधीच वाकवली म्हणायची. परंपरेचा अभिमान असेल तर जोर-बैठका काढा, मल्लखांब करा, ते खरोखर इथे होतं.

गॅसवर लाल करून पाण्यात बुडवण्याची कल्पना कुठून आली असेल ते मला वाटतं कळलंय. तांबट मंडळी हेच करतात. ठोकून कडक झालेलं तांबं लाल करून पाण्यात घातलं की मऊ होतं, ते अगदी खरं. पोलादाचं बरोबर उलट आहे. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं. कार्बन कमी असेल तर थोडं, जास्त असेल तर काचेसारखं. टीएमटीची साल कडक होते ती याच पाण्याने! नरमच करायचं तर लाल करून राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावं लागतं, आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर 10 मिमीची सळई आतपर्यंत लाल होणार कधी? जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली, सळई असेल तर हा उद्योग करूच नका. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरांना विचारा, ओळखीचा ताप आहे तो.

‘फक्त दोन मिलिमीटर’ हे वाचून शाळेत घन का शिकवला असा प्रश्न पडतो. गोल सळई वाकवायला लागणारा जोर व्यासाच्या घनाने वाढतो. 6 वरून 8 वर गेलात की जवळजवळ अडीचपट, 8 वरून 10 वर गेलात की जवळपास दुप्पट. 6च्या मानाने 12ची सळई आठपट. मानकातले किमान आकडे धरले तर 8ची टीएमटी आणि 10ची साधी सळई जोराला जवळपास सारख्याच. म्हणजे ‘आठचीच आहे’ म्हणून पोरगं टीएमटी उचलतं तेव्हा ते नकळत एक पायरी वगळून उडी मारतं, आणि बिल येतं कोपराच्या शिरांना.

हे टाळायचं तर जाडी नव्हे, लांबी बदलायची. टोकं धरून वाकवताना लांबी अर्धी केली की जोर दुप्पट लागतो, म्हणजे मधल्या हव्या तितक्या पायऱ्या हॅक्सॉ तयार करून देते. 6 मिमीचा बारा इंची तुकडा, मग दहा, मग आठ. त्यानंतर 8 मिमीचा, पण परत बारा इंचापासून. पाव इंचाचाही फरक हाताला जाणवतो, म्हणून पट्टीने मोजून खूण करून कापायचं, अंदाजाने नाही. तुकड्यावर खडूने लांबी लिहून ठेवली की घोळ होत नाही.

‘रेड नेल’ची गोष्ट अर्धी खरी आहे. आयर्नमाइंड कंपनीचा तो तुकडा 5/16 इंच जाडीचा, म्हणजे 8 मिमीला केसभर कमी, आणि सात इंच लांब. पण तो कोल्ड रोल्ड पोलादाचा असतो. थंड असताना दाबून-ओढून काढलेलं पोलाद गरम रोल केलेल्या काळ्या सळईपेक्षा बरंच कडक असतं. आपल्याकडे त्याच्या जवळचा माल म्हणजे ब्राइट बार, गुळगुळीत आणि चकचकीत. काळी 8ची फूटभर सळई वाकवून जागतिक दर्जा मिळत नाही, आणि अकरावीतल्या मुलाला तो लगेच मिळवायचाही नाहीये.

उघड्या हाताचं शौर्य: सळईचं टोक तळहाताच्या मऊ भागात रुततं. जगभर हे करणारे लोक चामडं किंवा जाड कॅनव्हास गुंडाळतात, जुन्या जीन्सची दुहेरी पट्टीही चालते. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आणि ती परीक्षा. 8.8 बोल्टवरचे आकडे शोभेचे नाहीत. पहिला 8 म्हणजे तुटायला दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन, दुसरा 8 म्हणजे त्याच्या आठ दशांशांवर, 640 वर, वाकायला सुरुवात. त्याच जाडीच्या साध्या सळईच्या अडीचपट. तो वाकणार नाही, एवढंच. कानस मात्र वाकायच्या भानगडीतच पडत नाही. ती इतकी कडक केलेली असते की जोर आला की तुटते, आणि तुटलेला टवका सरळ तोंडाकडे येतो. तिचं काम वेगळं आहे. कापलेल्या तुकड्याच्या कडेला एका बाजूला पातळ, पत्र्यासारखी बर उभी राहते. बोल्ट कटरने कापला असेल तर टोक चिमटून छिन्नीसारखं धारदार होतं. कानशीने दोन्ही टोकं चारी बाजूंनी घासून गोल करायची. मग चिंधी टोकावरून फिरवून बघा. धागा अडकला तर अजून घासा.